निवतलेली कळलावी

मैनाबाई त्या दिवशी गावाकडे निघाली ती फक्त लुगड्यासाठी. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नात बाळंतपणाला माहेरी, अकोल्यात आलेली. बाळाला गुंडाळायला जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यासारखं मऊ दुसरं काही नाही, हे मैनाबाईचं ठाम मत. सुनेनं, संध्यानं, दुकानातून कार्टूनची चित्रं असलेली गुलाबी दुपटी आणून ठेवली होती. मैनाबाईनं एक बोटात धरून चोळून पाहिलं आणि फेकून दिलं. "हे प्लास्टिक हाये. पोराले घाम येईन." सुना आताशा बोलत नाहीत, मोबाइलमध्ये पाहतात.

नातीला, मायाला, आदल्या दिवशीच जठारपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. दिवस भरून वर गेले, सलाइनमधून औषध सुरू झालं, तरी पोट गप्प. अंगात रक्त कमी, तेव्हा कापायचं टाळता आलं तर बरं, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. बाई भली होती. मैनाबाईला म्हणायची, "आजी, तुम्ही तर आमच्या आधीच्या डॉक्टर." मैनाबाईला ते खोटं वाटायचं, पण गोड लागायचं.

"आजी," मायानं उशीवरूनच डोळे मिचकावले होते, "तुही ती मुळी आन ना."

"गप बस. सोडलं मी ते काम."

"काहून?"

"थकली म्हणून. थकायले काय दाखला लागते काय?"

खरंच थकली होती ती. उभ्या जन्मात गावातली अर्धी पोरं तिच्या हातांवर पडली. कोणाच्या घरी जेवण सोडून गेली, कोणाच्या घरी ताप अंगात घेऊन गेली. मग दारापर्यंत गाडी यायला लागली, बाया दवाखान्यात जायला लागल्या, आणि मैनाबाईनं एकदाही नाक मुरडलं नाही. पूर्वी बाया मरायच्या, आता कमी मरतात. यात रुसण्यासारखं काय आहे? उलट तिनं नखं वाढवली. सुईणीला नखं ठेवता येत नाहीत. जन्मभर बोडकी बोटं घेऊन फिरलेली बाई ती. डोहाळजेवणाच्या दिवशी मायानं त्या नखांना लालभडक पॉलिश लावलं, आणि मैनाबाई दिवसभर हात पदराखाली लपवत राहिली. पण पुसलं नाही. नंतर एकटी असली की हात उजेडात धरून पाहायची.

पातूरच्या स्टँडवर उतरून ऑटोनं फाट्यापर्यंत, आणि तिथून पायी. भादव्याचे दिवस. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरून ठेवणारा. पाऊल उचलावं तर वाटे कोणी खालून ओढतंय. गुडघे बोलत होते. घाटाच्या पायथ्याचं तिचं गाव, गावाच्या टोकाला तिचं घर, आणि घरामागून लगेच टेकडी चढत गेलेली, साग-धावड्याची.

कुलूप काढते तोच शेजारच्या कुंपणावरून गोदाबाईनं आवाज दिला.

"काहो मैनाबाई, पणजी झाल्या काय?"

"नाई झाली अजून."

"आन तुमी इकडं? सुनेनं हाकललं दिसते."

"मले हाकलणारी अजून जन्माले याची हाये. माही बकरी जित्ती हाये का विकून खाल्ली?"

"खाल्ली असती तर तुमाले रस्सा नसता पाठवला काय?"

दोघी हसल्या. मैनाबाईनं ट्रंकेतून लुगडं काढलं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन जाळी झालेलं. नाकाला लावलं. तेवढ्यात फोन वाजला. संध्या रडत होती.

"आई, अजून काईच नाई. संध्याकाळपर्यंत पाहू म्हणते डॉक्टरीण, नाईतर कापावंच लागन. रक्ताच्या बाटल्या आनून ठेवा म्हणते... आई, मले भेव लागून राहिलं."

फोन ठेवल्यावर मैनाबाई मागच्या दारात जाऊन उभी राहिली आणि टेकडीकडे पाहत राहिली.

कळलावी ज्यानं एकदा पाहिली तो विसरत नाही. पाकळ्या जाळासारख्या वर वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाच्या शेंड्याला बारीक आकडा, जवळ जे सापडेल त्याला वेढा घालून धरणारा, तान्ह्या पोरानं बोट धरावं तसा. मुळी दोन फाट्यांची, आणि शुद्ध जहर. पोटात गेली तर माणूस उरत नाही. सुईण ती कोणाच्या तोंडाला लागू देत नाही. अडलेल्या बाईच्या वेणीत बांधते. कळा धरतात. आणि मूल बाहेर आलं की त्याच घडीला सोडून घ्यायची.

पण ती अशीच उपटून आणायची नसते. तिला निवता द्यावा लागतो, म्हणजे आवतण. आदल्या संध्याकाळी जायचं, बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, देठाला लुगड्याची चिंधी बांधायची, जिच्यासाठी न्यायची तिचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "उद्या येतो. संग चाल." मग सकाळी न्यायची. मैनाबाईच्या घरात बुद्धाची तसबीर, पंचशील तोंडपाठ. देव ती मानत नव्हती आणि भूत त्याहून नाही. ही पूजा नव्हे, असं ती ठणकावून सांगायची. शेजारणीचा पाटा न्यायचा असला तरी आदल्या दिवशी आपण सांगून ठेवतो. झाडाला तेवढाही मान नको?

आणि दुसऱ्याच्या निवत्याची मुळी न्यायची नाही. हे वच्छलामायनं शिकवलं होतं, कान धरून. वच्छलामाय म्हणजे मैनाबाईची गुरू. डावखुरी, तोंडाची फटकळ. कोणत्याही बाळंतपणाला निघायच्या आधी मैनेचा हात मांडीवर ओढून घ्यायची आणि स्वतः तिची नखं काढायची, पार मुळापर्यंत. काढता काढता सांगायची, "मैने, मुळी जिच्या नावाची, तिलेच. दुसरीले बांधशील तर दोघींच्या कळा एक होतात. मंग एक मोकळी झाली तरी कळ जात नाई."

म्हातारपणी वच्छलामाय दर भादव्यात टेकडीवर जायची. कधी काळी रोपवनाचे खड्डे खोदायला परमुलखातून टोळी आली होती. त्यातली एक बाई वर जंगलखात्याच्या नाकेदाराच्या चौकीत अडली. नाला चढलेला, गाडी नाही, वाट नाही. वच्छलामाय एकटी तिच्यापाशी. बाई मोकळी झाली नाही आणि वाचलीही नाही. टोळी निघून गेली, आणि तिचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं. "बिननावाचीले निवता द्याव तरी कसा," असं पुटपुटत म्हातारी तरीही जायची, मुळी चौकीत ठेवून यायची. मग एका थंडीत तीही गेली. मैनाबाईला वाटलं, सुटली बिचारी त्या वेडातून.

मैनाबाईनं खुरपं घेतलं आणि टेकडी धरली. निवता द्यायला वेळ नव्हता. झाडाची माफी मागू, असं तिनं ठरवलं.

एरवी भादव्यात ती टेकडी कळलावीनं पेटलेली असते. त्या दिवशी फूल दिसेना. जागोजागी खणलेलं होतं. औषधवाले हल्ली पोत्यांनी नेतात, देठासकट, बीसकट. झाडाखाली कुजलेल्या पाल्याचा वास, पायाखाली पाणी झिरपल्याचा आवाज, आणि त्यापलीकडे काही नाही. पाखरूही बोलत नव्हतं. चढता चढता ती पार पडक्या चौकीपर्यंत पोचली.

तिथं भिंतीच्या आडोशाला एक कळलावी होती. एकच. फुलांनी भरलेली.

मैनाबाई वाकली आणि तशीच थांबली. बुडाशी पिवळे तांदूळ होते. ओले, ताजे, मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. देठाला चिंधी बांधलेली. तिनं चिंधीची गाठ बोटानं फिरवून पाहिली. गाठ उलटी होती, डाव्या हातानं मारलेली.

"कोण हाये वं?" तिनं हाक दिली.

कोणी नव्हतं. आजूबाजूच्या गावांत दिवस भरलेली बाई नव्हती. असती तर तिला कळलंच असतं. डावखुऱ्या बाया काय जगात कमी आहेत, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिला रक्ताच्या बाटल्या आठवल्या, आणि उशीवरून डोळे मिचकावणारी माया.

"जिची असशील तिची अस," ती झाडाला म्हणाली. "एवढ्या डाव माह्या नातीले मोकळी कर. तुले परत आनून लावतो."

खुरपं घातलं. मुळी लगेच सुटली, वाट पाहत असल्यासारखी. आणि त्याच वेळी चौकीच्या आतून एक श्वास आला. लांब, दातांत धरलेला. कळ ओठ मिटून सोसणाऱ्या बाईचा असतो तसा... "हं...ऽ..."

वांदर असेल. मैनाबाईनं मुळी पदरात घेतली आणि उतरायला लागली. गुडघे ओरडत होते, पण ती थांबली नाही आणि तिनं मागं पाहिलं नाही.

संध्याकाळच्या आत ती दवाखान्यात होती. सोबतीला एक बाई चालते म्हणून तीच आत बसली. मायाची वेणी घालायच्या निमित्तानं मुळी केसात बांधली. गाठ पुरी बसायच्या आत मायानं पलंगाची दांडी धरली. दिवेलागणीला पोरगी झाली, सावळी, ठणठणीत, पहिल्याच रडण्याला खोली दणाणून सोडणारी. ती बाहेर आली त्याच घडीला मैनाबाईनं वेणीतली मुळी ओढून काढली आणि कनवटीला लावली. काही चुकलं नाही. हात अजून शाबूत होते.

डॉक्टरीणबाई हसल्या, संध्यानं सासूचे पाय धरले. आणि मायाला पुन्हा कळ आली.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. बाळंत झाल्यावर थोड्याफार येतातच. पण त्या थोड्या नव्हत्या. पलंग हलायचा. इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या, पोट आतून स्वच्छ निघालं, आणि कळा तशाच, एकीमागून एक. रक्तही थांबेना. सगळे दमून भिंतीला टेकले तेव्हा मायानं हळूच डोळे उघडले.

"आजी... नाला उतरला काय?"

"कोणता नाला वं?"

"काय माहीत. ही विचारून राहिली..."

"कोण?"

"ही... बाजूले झोपली ते." मायाचे ओठ कोरडे पडले होते. "इले होऊनच नाई राहिलं, आजी. लय दिवसाची थकली हाये ते..."

माया अकोल्यात वाढलेली. त्या नाल्याची गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. मैनाबाईनं पलंगावर मायाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. चादर कोरडी होती, नुकती बदललेली. हात नाकाशी नेला, तर बोटांना ओल्या मातीचा वास येत होता.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी संध्याला आणि तिला बाजूला घेतलं. त्यांचेही डोळे जागरणानं लाल झाले होते. दुपारपर्यंत थांबलं नाही तर गर्भाची पिशवी काढावी लागेल, आणि तेवढं मायाला झेपेल का, हे आज मी छातीठोक सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या.

मैनाबाईनं चपला घातल्या.

"आता कुठं चालल्या आई?" संध्या किंचाळलीच.

"लुगडं राहिलं."

"आनलं ना काल!"

"दुसरं राहिलं."

बारीक पाऊस होता, अंगाला न लागणारा, नुसता श्वासात जाणारा. टेकडी चढताना मैनाबाई दर वळणावर बसली. अशी ती कधी बसली नव्हती. तिला सारखं वाटत होतं, की आपण आज चढतोय ती वाट फक्त आजची नाही. जन्मभर ज्या ज्या दारांपर्यंत चालत गेलो, ती सगळी चाल एकदम पायात उतरली आहे.

चौकीच्या भिंतीशी ती पोचली. कनवटीची मुळी हातात काढली आणि लावायला खड्डा शोधू लागली.

खड्डा नव्हता. माती मोडलेलीसुद्धा नव्हती. कळलावी कालच्या जागी, कालच्यासारखीच फुललेली उभी होती. देठाला चिंधी, उलटी गाठ. बुडाशी तांदूळ, आणखी ताजे.

मैनाबाई हातातल्या मुळीकडे पाहत राहिली, मग त्या झाडाकडे. परत करायला जागाच उरली नव्हती. तेव्हा ती चौकीत शिरली.

आत अंधार नव्हता. छप्पर कधीच गेलेलं, वर पांढरं आभाळ. खाली सागाचा कुजका पाला, आणि मध्ये माणूस आडवं झाल्याएवढी जागा दबलेली. वास मात्र तिला डोळे मिटूनही ओळखू आला असता. घाम. कोमट रक्त. ओले केस. जन्मभर ज्या खोल्यांत ती शिरली, त्या प्रत्येक खोलीचा हाच वास.

"मुळी आनली तुही," ती म्हणाली. "चुकलं माहं. घे."

तो श्वास पुन्हा आला, कालचाच, दातांत धरलेला. अगदी पायाजवळून. आणि त्याच्या मागून दुसरा आवाज, ओळखीचा, बोलून बोलून झिजलेला.

"मुळी नको तिले... मुळ्या लय झाल्या, मैने."

मैनाबाईनं भिंत धरली.

"मंग काय पाह्यजे, माय?"

"हात पाह्यजे..."

"तुहे हायेत ना तिच्यापाशी?"

नुसता पाल्यावर पडणारा पाऊस.

"माहे थकले वं..."

मैनाबाईचेही थकले होते. तिनं तसं सांगूनही टाकलं. "माहेबी थकले, माय. सोडलं मी ते काम." त्या पायाजवळच्या बाईनं पुन्हा श्वास धरला, आणि मैनाबाईला स्पष्ट कळलं, की याच घडीला तिकडे अकोल्यात मायानंही धरला असेल. तोच श्वास. दोघींचा एक.

ती रडली नाही. रडणाऱ्यांतली नव्हतीच ती. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नातीले सोड. तिचं काई देणंघेणं नाई याच्यात. मी येतो." मग, जन्मभर झाडांना म्हणत आली होती तसंच, सवयीनं तोंडातून निघून गेलं, "उद्या येतो."

धरलेला श्वास सुटला.

पायथ्याशी उतरेपर्यंत फोनला रेंज आली आणि फोन वाजलाच. संध्याला शब्द फुटत नव्हते. "थांबल्या, आई! आताच, एकदम... रक्तबी थांबलं. झोपली ते. डॉक्टरीण म्हणते, आता भेव नाई."

"बरं," मैनाबाई म्हणाली. एवढंच.

घरी येऊन तिनं अंगावर पाणी घेतलं. संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला जायचं असं ठरवून ओसरीत खाट टाकली, जराशी पाठ टेकली, आणि मेल्यासारखी झोपली.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी गेली होती. ओसरीत हळदीचा वास येत होता. मैनाबाई उठून बसली, पाय खाली सोडले, आणि तळव्याला काही टोचलं.

खाटेच्या चारी पायांशी तांदूळ होते. पिवळे, ओले, ताजे.

उजव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती. गाठ पाहायची तिला गरज वाटली नाही. तरी तिनं डाव्या हाताच्या बोटांनी सोडून पाहिली. सुटली नाही.

फोन वाजला. संध्या होती, आवाजात कधी नव्हे ते हसू. "आई, माया उठली, चहा मागून राहिली. पोरीले तुमच्या लुगड्यातच गुंडाळलं, बरं! दुपट्यात रडते, लुगड्यात गप राहते. माया विचारून राहिली, आजी उद्या सकाळी येईन ना?"

मैनाबाई मागच्या दारातून दिसणाऱ्या टेकडीकडे पाहत होती. टेकडीचा आता नुसता काळा आकार राहिला होता.

"पोरीले टोपडं घाल," ती म्हणाली. "वारा हाये." आणि फोन ठेवला.

कुंपणावरून गोदाबाईचं डोकं वर आलं.

"उठल्या काय? सून गेली दिसते."

"कोणती सून?"

"अवं, मघा नाई काय! तुमच्या खाटेपाशी बसून होती ते. मले पाठमोरी दिसली. तुमचा हात मांडीवर घेऊन काईतरी करून राहिली होती. म्या म्हणलं, निजल्या हायेत, कायले हाक माराव."

गोदाबाई बकरीला शिव्या देत आत निघून गेली.

ओसरीतला दिवा लावून मैनाबाईनं दोन्ही हात उजेडात धरले. नखं काढलेली होती. एकूण एक, पार मुळापर्यंत, बोटांची टोकं जन्मभर होती तशी बोडकी. आणि खाली, हळदीच्या तांदळात, लाल पॉलिशच्या बारीक चंद्रकोरी विखरून पडल्या होत्या.